छाटणीचा निरोप

दसरा उलटला की आमच्या सूनबाई एक दिवस कात्री घेऊन अंगणात उभ्या राहतात आणि विचारतात, "आई, छाटणी कधी करायची?" बिचारी गुलाबांबद्दल विचारत असते. पण एवढं वय झालं तरी तो शब्द कानावर पडला की मी क्षणभर दचकते. मग माझं मलाच हसू फुटतं. तिला कारण सांगायचं म्हणजे सगळं रामायण सांगावं लागेल, आणि तिला तर स्वयंपाक उरकायचा असतो. म्हणून मी नुसतं म्हणते, "करू या, ऊन जरा कलू दे."

पाऊस गेल्यावरचं जव्हार पाहावं. पावसाळ्यातल्या जव्हारचं सगळे कौतुक करतात, धबधब्यांचे फोटो काढून नेतात. मला ते ओलं, बुरशी धरलेलं, कपडे न वाळणारं जव्हार कधीच फारसं आवडलं नाही. आश्विनात मात्र इथलं ऊन कोवळं असतं. सकाळचं धुकं दरीतून सावकाश वर येतं आणि कौलांवरून निघून जातं. लवकर पिकणारं हळवं भात कापणीला आलेलं, उशिराचं गरवं अजून हिरवं, उतारावर खुरासणीची पिवळी फुलं. परसातली माती चिखलपण सोडून हाताला मोकळी लागायला लागते. आई तिची चिमूट बोटांत चुरून बघायची आणि म्हणायची, "आता हिच्यात जीव आला." तिच्या लेखी वर्ष सुरू व्हायचं ते तेव्हा.

आम्ही दरबारच्या नोकरांसाठी बांधलेल्या चाळीवजा घरांत राहत होतो. पुढे ओटी, मागे मोरी, आणि मोरीच्या पलीकडे कुडाच्या कुंपणापर्यंत जमिनीचा एक पट्टा. माझे वडील, म्हणजे अण्णा, संस्थानच्या कचेरीत कारकून. ते घर त्यांच्या नोकरीबरोबर मिळालेलं होतं. बाकीच्यांच्या पट्ट्यांत लाकडं, कोंबड्या आणि वाळत घातलेली धुणी असायची. आईच्या पट्ट्यात पाय ठेवायला जागा नसे. मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळी. त्याच्या कडेने हळद. मांडवावर शिराळी, एका बाजूने काकडी, कुडावर घेवडा. विहिरीच्या वाटेला गवती चहा आणि पानओवा, खोकल्यासाठी अडुळसा. पुढच्या अंगणात तुळस, अबोली, झेंडू आणि गुलाब. गुलाब साधे देशी, फिकट गुलाबी, पण वास असा की वाटेने जाणारा माणूस पावलं हळू करी. चहाचा चोथा गुलाबांना, तांदळाचं धुवण कढीपत्त्याला, राख घेवड्याला. आमच्या घरात वाया जात असे तो फक्त माझा अभ्यासाचा वेळ, असं अण्णा म्हणत.

आई झाडांशी गोड बोलत नसे. ती त्यांना रागवायची. "काय गं, नुसती पानंच काढत बसलीस? लाज वाटते का?" असं ती काकडीच्या वेलाला म्हणे. जामसरहून लाकडाची मोळी घेऊन येणारी सोनीबाय ओटीवर टेकून ते ऐकायची आणि पदर तोंडाला लावून हसायची. सोनीबाय आईची बियाणांची मैत्रीण. ही तिला मिरचीची रोपं द्यायची, ती हिला जंगलातली कंदमुळं आणि डोंगरी काकडीचं बी आणून द्यायची. दोघींचं बोलणं कधी अर्धं कळायचं, कधी तेवढंही नाही. सोनीबाय घरी वेगळी भाषा बोलायची आणि आमच्याकडे आली की मराठीचं लुगडं नेसल्यासारखं जपून बोलायची. वेलाची पहिली काकडी घरात खायची नाही, आधी देवाला दाखवायची, हे आईने तिच्याकडूनच उचललं होतं. आम्हा मुलांना ते अजिबात पसंत नव्हतं. पहिली काकडीच सर्वांत कोवळी असते.

मी सांगते ते वर्ष स्वातंत्र्यानंतरचं; जव्हार संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं होतं. आम्हाला शाळेत पेढे मिळाले, एवढं मला पक्कं आठवतं. कचेरी तीच, पायऱ्या त्याच, फक्त पाटी बदलली. पण ओटीवरच्या बोलण्यात नवे शब्द आले. आधी 'विलीन'. मग 'वर्ग होणं', मग 'सामावून घेणं', आणि पाऊस ओसरता ओसरता कुणीतरी मुंबईहून 'छाटणी' घेऊन आलं. मी अण्णांना विचारलं, "माणसांची कशी छाटणी करतात?" अण्णा म्हणाले, "जास्तीची माणसं कमी करतात." मी म्हटलं, "मग जास्तीची कोण?" त्यावर ते कोटाची बाही झटकत राहिले.

जास्तीचे आपणच, असं त्यांना वाटत होतं. अण्णांची मोडी मोत्याच्या ओळीसारखी. सगळ्या कचेरीत तसं अक्षर कुणाचं नव्हतं. पण नव्या राज्यात मोडी कोण वाचणार? बालबोध, म्हणजे देवनागरी, लिहायला बसले की अण्णांचा हात पहिलीतल्या पोरासारखा अडखळायचा. शिवाय लोक म्हणत, आख्खं संस्थान चालवायला लागणारे कारकून एका तालुक्याला कशाला हवेत? नोकरी गेली तर घर जाणार, आणि घर गेलं तर जायचं कुठे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. अण्णांचे वडीलही दरबारातच नोकरीला होते. आम्हाला ना गावी शेत, ना कुठे घर. आईचं माहेर होतं, पण तिथे भावजयीचं राज्य होतं आणि ते राज्य काही विलीन व्हायचं नव्हतं.

नवे मामलेदारसाहेब देशावरून आले होते. ते आले त्या दिवशी त्यांना घालायचा हार आमच्याकडूनच गेला, कारण भर पावसात फुलं फक्त आईकडे होती. गुलाब आणि अबोली. साहेबांनी हार काढून नाकाशी धरला आणि हे गुलाब कुणाकडचे म्हणून विचारलं, असं अण्णांनी घरी येऊन सांगितलं. आई दिवसभर त्या आनंदात होती. पुढे त्या चौकशीतून काय निघेल याची तिला काय कल्पना!

निरोप आला तेव्हा संध्याकाळ होती. अण्णा ओटीवर चहा घेत होते, आई अबोलीचे गजरे करत होती. रामजी शिपाई आला आणि पायरीवर उभा राहिला. एरवी तो आल्या आल्या पाणी मागायचा. त्या दिवशी त्याने टोपी हातात धरली होती.

"अण्णा, सायबांचा निरोप हाय. सोमवारी सकाळला बंगल्यावर छाटणी हाय. तुम्ही या, न् मंडळींना घेऊन या."

"बंगल्यावर? कचेरीत नाही?"

"बंगल्यावरच म्हणाले. मंडळींना नक्की आणा म्हणाले." मग त्याने आवाज खाली आणला. "अण्णा, शिपायांची बी होनार काय हो?"

अण्णांनी कप खाली ठेवला. "सगळ्यांचीच होईल, रामजी," ते म्हणाले. रामजीने मान हलवली आणि पाणी न पिताच गेला. अण्णांनी उठून कोट घातला, आणि मंडळींना, म्हणजे कचेरीतल्या प्रत्येक कारकुनाला, घरोघर जाऊन निरोप सांगितला. वाईट बातमी आपणच सांगावी, दुसऱ्यावर टाकू नये, असा त्यांचा स्वभाव. परत आले तेव्हा गल्लीत सगळीकडे दारं लोटलेली होती.

आई रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने खुरपं घेतलं आणि ती हळदीत शिरली. हळद काढायची पौषात, पानं पिवळी पडून आडवी झाल्यावर. त्या दिवशी ती छातीएवढी हिरवीगार उभी होती. सोनीबाय नेमकी त्याच वेळी मोळी घेऊन आली.

"बाय, कां करतेस? कच्ची हाय हळद."

"कच्ची तर कच्ची. घरच सोडायचं तर माझ्या हातानं काढलेली बरी. दुसरं कुणी येऊन उपटून टाकेल ते मला बघवायचं नाही."

सोनीबायने फार विचारलं नाही. तिने गोणपाट पसरलं, गड्डे मातीसकट त्यात भरले आणि मोळीच्या जागी ते डोक्यावर घेऊन निघाली. "माझे घरी लाविन," एवढंच म्हणाली.

मग एकेक झाड जायला लागलं. मोगरा शाळेतल्या बाईंकडे. गवती चहा, पानओवा शेजारी. मिरच्यांची रोपं मागेल त्याला. शिराळ्याला फुलं असताना आईने मांडव मोडला. मी तिच्याशी भांडले, कारण त्या मांडवाखाली माझं घर-घर होतं. गुलाब तिने मुळांभोवती माती राखून काढले, ओल्या फडक्यात बांधले आणि सासरी मुलगी पाठवावी तसे एकेका घरी पोचवून आली. शेंगोळ्यासारख्या वळलेल्या जाड मुळ्यांचा एक जुना गुलाब तेवढा निघाला नाही. त्याच्याशी बराच वेळ झटून ती तिथेच मातीत बसून राहिली. मला तेव्हा तिची भीती वाटली. आपली आई एरवी उभी दिसायची किंवा वाकलेली दिसायची, अशी नुसती बसलेली मी पाहिली नव्हती.

एक गंमत मात्र झाली, तिला गंमत म्हणावं तर. हळदीची पानं ढिगाने उरली. टाकवेनात. म्हणून आईने उरलेल्या सगळ्या काकड्या किसल्या, तांदळाचं पीठ नि गूळ घातला आणि त्या पानांत थापून पातोळ्या उकडल्या. सगळ्या ओळीला वाटल्या. नोकरी जाणार म्हणून तोंडं पाडून बसलेली घरं, आणि प्रत्येक घरातून हळदीच्या पानांचा तो गरम, गोड वास. शेजारचे काका म्हणाले, "वहिनी, सण कोणता?" आणि मग त्यांनी स्वतःच जीभ चावली. आजही कुठे पातोळ्या उकडत असल्या की मला भूकही लागते आणि काळजीही वाटते. दोन्ही एकदमच येतात, काय करणार!

सोमवारी सगळे कारकून काळे कोट, काळ्या टोप्या घालून बंगल्याच्या चढाने निघाले. अण्णा सर्वांत पुढे. कुणाच्या मर्तिकाला निघाल्यासारखी ती रांग मला ओटीवरून दिसली. ती वळणाआड गेली तशी आईने माझा हात धरला. "घरात बसून माझा जीव जाईल. चल," म्हणाली. आम्ही दोघी मागून गेलो आणि बंगल्याच्या मेंदीच्या कुंपणाबाहेर उभ्या राहिलो.

साहेब व्हरांड्यात आले ते बंडी घालून, धोतर वर खोचून, पायाला चिखल, आणि हातात ही एवढी मोठी कात्री. समोर सगळी कचेरी हात बांधून उभी. साहेबांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं, एकदा कात्रीकडे पाहिलं.

"आज काय आहे? काही समारंभ आहे का?"

अण्णा पुढे झाले. "आपण बोलावलंत, साहेब. छाटणीसाठी. मंडळी आली आहेत सगळी."

"सगळी?" साहेब गोंधळले. "अहो, मंडळी म्हणजे तुमच्या घरातल्या मंडळी! वहिनी! या बंगल्यातल्या गुलाबांचं पार रान झालंय. म्हटलं तुमच्याकडे एवढे सुरेख गुलाब आहेत, तर कुठून कापायचं ते त्या दाखवतील. निरोप्याला तेवढंच सांगितलं होतं मी."

आमच्याकडे बायकोला 'मंडळी' म्हणायची रीत आहे, तशी कचेरीतल्या चार माणसांनाही मंडळीच म्हणतात. पण साहेब एखाद्याच्या बायकोला कामासाठी बंगल्यावर बोलावतील, हे जव्हारात कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. त्यामुळे त्या शब्दाचा दुसरा अर्थ कुणाला सुचलाच नाही. आणि त्या दिवसांत 'छाटणी' म्हटल्यावर गुलाब कुणाला आठवणार?

एक म्हातारे कारकून पायरीवर बसले, साहेबांसमोर, परवानगी न विचारता. शेवटी रामजीच म्हणाला, "सायेब, आम्हाला वाटला, आमचीच छाटणी हाय."

साहेब हसले नाहीत, याबद्दल मी त्यांना अजून मनातल्या मनात नमस्कार करते. त्यांनी कात्री पाठीमागे नेली, चूक सापडलेल्या मुलाने न्यावी तशी. "तुम्हाला कुणी सांगितलंच नाही? अहो, जव्हारची नोकर मंडळी आहेत तशी ठेवायचं केव्हाच ठरलंय. मला वाटलं, तुम्हाला माझ्याआधी कळलं असेल."

"सगळी?" अण्णांनी विचारलं.

"सगळी."

"आणि मोडीवाले, साहेब?"

"अहो, जुनं सगळं दप्तर मोडीत. तुम्ही गेलात तर ते मला वाचून कोण दाखवणार?"

"आणि घरं?"

"राहता तिथंच राहा."

मग कुणीतरी हसलं. कोण ते मला दिसलं नाही. पण एक हसला आणि मग सगळी रांगच्या रांग हसत सुटली. टोप्या काढून, एकमेकांच्या पाठीवर थापा मारून, डोळे पुसून. काळ्या कोटातली ती गंभीर माणसं अशी हसू शकतात हे मला नवीनच होतं. कुंपणाबाहेर आईने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली. ती हसत नव्हती, रडतही नव्हती. नुसता श्वास घेत होती, खूप वेळ पाण्याखाली राहून वर आलेलं माणूस घेतं तसा.

साहेबांनी तिला पाहिलं आणि आदराने आत बोलावलं. तिने पदर सावरला, ती गुलाबांपाशी गेली. खरंच रान झालं होतं त्यांचं. एक फांदी हातात घेऊन तिने बोट ठेवलं. "हा डोळा बघा. बाहेर तोंड केलेला. त्याच्या वर तिरकं कापायचं आणि टोकाला शेण लावायचं." साहेबांनी कात्री पुढे केली. आईने ती घेतली. फांदीला लावली. आणि तशीच उभी राहिली.

"साहेब, आज नको," ती म्हणाली. "आज माझा हात धजणार नाही. आज काहीच कापायला नको."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मागे उभ्या असलेल्या सगळ्यांकडे पाहिलं. "खरं आहे," ते म्हणाले. "आज नकोच." आणि कात्री त्यांनी परत आत ठेवून दिली.

पुढे अण्णा बालबोध शिकले. आईच शिकवायला बसायची, माझी पाटी घेऊन. तेवढ्या काळात मी अभ्यासातून सुटायची, म्हणून मला ती शिकवणी फार आवडे. काही वर्षांनी त्यांची बदली झालीच, पण मोखाड्याला. पूर्वी मोखाडा म्हणजे खालसा मुलूख, इंग्रजांचा, आमच्या लेखी परदेश. आईला कळलं तेव्हा ती म्हणाली, "एवढंच ना?" आणि गुलाबाच्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळायला लागली. पूर्वी ज्यांना गुलाब देऊन टाकले होते, त्यांच्याकडून ते तिने कधी परत मागितले नाहीत. कुणी आणून देऊ लागलं तरी म्हणायची, "राहू दे, आता तिथं लागलाय तो." त्यामुळे आमच्या गल्लीत त्या वर्षापासून जवळजवळ प्रत्येक दारी गुलाब झाला. मोखाड्याची माती खडकाळ, पाण्याची ओढ. तिथेही तिने अळू लावलं, हळद लावली, वेलांना रागवली. मला आता वाटतं, तिला जागेची भीती नव्हतीच कधी. आपल्याला न विचारता, एखाद्या सकाळी, कुणीतरी उपटून टाकेल, ही भीती होती. ती भीती त्या सोमवारी गेली ती गेलीच.

त्या सोमवारी दुपारी सोनीबाय आली. बाजारात तिला सगळं कळलं होतं. डोक्यावर तेच गोणपाट, हळद जशीच्या तशी, माती नुसती वाळलेली.

"लावली नाहीस?" आईने विचारलं.

"पोराला वाफा करायला सांगितला, तो पाहुन्यांकडं जाऊन बसला. राहिली तशीच पडून." मग हसून म्हणाली, "आळस कवा कवा कामाला येतो, बाय."

आई पोटभर हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. सोनीबाय गेल्यावर ती मागल्या दारात जाऊन उभी राहिली. समोर सगळा पट्टा खणून काढलेला, मोडलेल्या मांडवाचे बांबू आडवे, मातीला खड्डे. इतकं उजाड आमचं परस मी कधी पाहिलं नव्हतं. अण्णा आतून आले, कोट अजून अंगात होता. त्यांनी कुदळ उचलली. जन्मात पहिल्यांदा त्यांच्या हातात मी कुदळ पाहिली, आणि ती त्यांनी उलटी धरली होती.

"कुठे खणू?" त्यांनी विचारलं.

आईने कुदळ सरळ करून त्यांच्या हातात दिली. "कुठंही खणा," ती म्हणाली. "घाई नाही. आपण आता इथंच आहोत."